चौऱ्याऐंशीचा फेरा

बस्त्यावनं पट्टी लावली: सोळा इंच, साडेसहा सूत.
चौऱ्याऐंशी घरं बसतात तेवढ्यात, मी म्हटलं.
'चौऱ्याऐंशीचो फेरो! मगे सुटका नाय तुका,'
आणि पेन्सिल कानावर खोचत विचारलं,
'ह्येच्यात ठेवतलंस काय?'
'आवाज.'
'आवाजाक खोको कित्याक होयो गो?'

माझं दुकान वेंगुर्ल्याच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर.
पाण्याखालचे मासे दाखवणारी यंत्रं दुरुस्तीला येतात,
खाऱ्या हवेनं बोर्डावर चढवलेली हिरवी बुरशी
मी दात घासायच्या ब्रशनं काढते.
जूनमध्ये होड्या वर ओढल्या
की हात रिकामे,
गल्ल्यात सतरा हजार.

एकतीस हजारांचं एक मॉड्यूल आहे, वर कस्टम ड्युटी.
छोटा पडदा, पोटात दोनशे लाटांचे नमुने.
मोबाइलवर त्याचं चित्र इतक्या वेळा मोठं करून पाहिलंय
की त्याची बटणं डोळे मिटूनही सापडतील.
ते कुणालाही दाखवता आलं असतं.
'हे बघ, हे आलं,' एवढं म्हणता आलं असतं.

वहीचं पान उलटलं.
ऑसिलेटर एकच, जुना, पुण्याच्या एका मुलानं विकलेला.
(दोन असले की ते एकमेकांशी जुळेपर्यंत पहाट होते.)
फिल्टरचे सुटे भाग मागवले, स्वतः सोल्डर केला,
एक कपॅसिटर उलटा लागला,
वासावरून कळलं.
व्हीसीए मात्र चार घेतले. आवाज वर चढवायचे, खाली आणायचे,
बाकी काही करत नाहीत.
मिठासारखे आहेत,
नसले की मग कळतं.

सगळ्यात महाग घेतला वीज पुरवणारा डबा.
मागे बसतो, कुणी बघत नाही.
पण इथली लाइट जाताना मारत नाही,
येताना मारते.

राहिलं घड्याळ.
ठोके देणारं मॉड्यूल साडेआठ हजार. गल्ल्यात उरले चारशे.
माडीच्या खिडकीतून दीपगृह दिसतं, लहानपणापासून दिसतंय,
त्याचा काही उपयोग असेल असं कधी वाटलं नव्हतं.
उजेड पडला की विजेला वाट देणारा एक तुकडा मिळतो,
मसुराएवढा, बारा रुपयांना.
त्याच्यासमोर काकांच्या जुन्या चष्म्याचं भिंग,
दोन्ही काळ्या पाइपात बसवून गजाला बांधले.
दीपगृह वळलं की एक ठोका.
फक्त खोलीत दिवा लावायचा नाही.

बस्त्याव पैसे न्यायला आला तेव्हा मी अंधारातच बसले होते.
'कोण मेला काय?' म्हणाला.
मग उभा राहिला. ऐकत.
खालचा सूर होडीचं इंजिन लागता लागता राहावं तसा,
दर ठोक्याला थोडा उघडायचा, पुन्हा मिटायचा.
आवडलं का ते बोलला नाही.
बॅटरी मारून डब्यात बघितलं,
'ह्यां भोक कित्याक?'
'चोवीस घरं रिकामी. पैसे संपले. झाकायची पत्र्याची पट्टी सातशेला मिळते.'
'सातशे! पत्र्याक!'
पैसे मोजून घेतले, पन्नास परत दिले, गेला.

तिसऱ्या दिवशी कागदात गुंडाळलेली पट्टी आणून दिली.
फणसाचं लाकूड, कडा होडीच्या काठासारख्या मारलेल्या,
चार इंच, साडेसहा सूत.
मोजताना तर मी त्याला पाहिलं नव्हतं.
पितळी स्क्रूही त्याचेच.
तिच्या मागे तार नाही, पुढे बटण नाही,
तरी हात आधी तिच्यावर जातो.

काल रात्री समुद्रावरून जाड सर आडवी आली.
अकरा ठोके नीट पडले.
बारावा आला नाही. तेरावाही नाही.
सूर अर्धवट उघडा राहिला
आणि मी पट्टीवर हात ठेवून
खिडकीकडे बघत बसले.

घड्याळ यादीत आहे.
होड्या सुटल्या की बघू.